प्रमोदिनीबाईंचे सात घोडे

वाईच्या शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवून प्रमोदिनी थत्ते निवृत्त झाल्या, तोवर त्यांनी जवळून पाहिलेला घोडा एकच, वरातीतला. तरी घोडा काढायला त्यांनी हजारभर मुलांना शिकवलं असेल. आधी दोन लंबगोल, मग मानेची कमान, मग पाय. पळता घोडा हवा असेल तर पुढचे पाय पुढे ताणलेले, मागचे मागे. फळ्यावर असा घोडा उतरला की दंगेखोर वर्गसुद्धा पाच मिनिटं गप्प बसायचा. बाईंना तो इतका पाठ होता की डोळे मिटून काढला असता.

तो घोडा खोटा आहे हे त्यांना कळलं ते सहासष्टाव्या वर्षी, पुण्यात, एका सहाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत.

निमित्त होतं अनीशच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीचं. अनीश म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा. बाईंनी लग्न केलं नव्हतं, आणि वहिनी गेल्यापासून दोघं बहीण-भाऊ वाईला मधल्या आळीत एकत्र राहत होते. भावाला सगळं गाव तात्या म्हणे, म्हणून बाईही तात्याच म्हणत. तात्या एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी जिल्ह्यातल्या गाड्यांच्या वेळा त्यांच्या जिभेवर होत्या. वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं वाईला परत निघणार होते. बॅगा भरून झाल्या, आणि बाई चहाचा कप घेऊन मागच्या बाल्कनीत गेल्या. खाली रेसकोर्स होता.

जुलैचा पहिला आठवडा. ओल्या हिरवळीवर घोडे सरावाला निघाले होते, कुठे एकटे, कुठे जोडीने. बाई बघत राहिल्या. चहावर साय धरली. पळणाऱ्या घोड्याचे पाय फळ्यावरच्यासारखे ताणलेले कुठेच दिसेनात. उलट मधूनच असं वाटे की त्याने चारही पाय पोटाखाली गोळा केलेत आणि तरीही तो पुढे सरकतोय. पण ते नेमकं कधी घडतं हे धरता येईना. पापणी लवली की हुकायचं.

"गाडी सव्वा अकराची आहे, प्रमू," आतून तात्या म्हणाले.

"तू हो पुढे," बाई म्हणाल्या. "मी येते मागनं."

दोन दिवसांसाठी आलेल्या बाई अकरा दिवस राहिल्या. रविवारी अनीश त्यांना शर्यती बघायला घेऊन गेला. त्याला वाटलं, आत्याला एकदा दाखवलं की हौस फिटेल. पण आत्या धावपट्टीपाशी थांबलीच नाही. शर्यतीआधी घोडे जिथे गोल फिरवतात त्या पॅडॉकच्या कठड्याला ती दुपारभर टेकून उभी राहिली. घोडे समोरून संथ पावलांनी जात होते. प्रत्येकाचा लगाम धरून एकेक सईस, म्हणजे त्या घोड्याची निगा राखणारा माणूस, चालत होता.

"आत्या, पैसे लावायचेत का कुणावर?" अनीशने विचारलं.

"छे रे. मला फक्त नावं हवीत."

संध्याकाळपर्यंत त्यांच्या वहीत सात नावं झाली होती. निवड कशी केली ते त्यांना विचारलं असतं तर त्यांनी शिक्षिकेच्या भाषेत सांगितलं असतं: साठ मुलांच्या वर्गात सगळ्यांकडे बघायला गेलं तर एकही मूल दिसत नाही, सात जणांवर नजर ठेवली की वर्ग कळतो. 'कॉपर लँटर्न' घेतली ती तिच्या मानेची रेघ पुन्हा बघावीशी वाटली म्हणून. 'ब्लू इंक' दर फेरीला त्याच झाडाकडे कान वळवायचा. 'मिस्टर ऑगस्ट' नऊ वर्षांचा, म्हणजे तिथल्या मानाने आजोबाच, आणि शाळा सुटल्यावर घरी चाललेल्या शिपायासारखा चालायचा. 'सेकंड थॉट' हा गडद तांबूस रंगाचा उंच घोडा. त्यात खास काहीच नव्हतं, एवढंच की त्याचं आणि त्याच्या सईसाचं पाऊल एका ठेक्यात पडत होतं. बाकीचे तीनही असेच, हिशेबात न बसणाऱ्या कारणांनी आले.

वाईला परतल्यावर त्यांनी हे तात्यांना सांगितलं नाही. लपवलं असं नाही. सांगायचं कसं ते सुचलं नाही. शर्यती मोबाईलवर दिसत. मात्र कुठल्या दिवशी कोण पळणार याचं छापील पुस्तक त्यांना हातात हवं असायचं, समासात पायांची चित्रं काढायला. ते वाईत मिळत नसे. म्हणून स्वारगेटच्या गाडीवरच्या एका ओळखीच्या कंडक्टरला त्यांनी सांगून ठेवलं होतं. तिसऱ्या आठवड्यात त्या कंडक्टरने स्टँडवर पेपर वाचत बसलेल्या तात्यांच्याच हातात ते ठेवलं.

"तात्या, ताईंचं रेसचं पुस्तक. सांगा त्यांना, ह्या वेळी उशीर झाला."

तात्या घरी आले ते पुस्तक पेपरच्या घडीत घालून. जेवण झालं. हात धुतल्यावर म्हणाले, "किती घालवलेस?"

"बसचं भाडं," बाई म्हणाल्या. "आणि दोन वह्या."

त्यांनी वह्या आणून पुढ्यात ठेवल्या. तात्यांनी चष्मा लावला. पानोपानी पाय होते. नुसते पाय, घोडा कुठेच पुरा नव्हता. खुराच्या वरचा सांधा, गुडघा, वळलेला, टेकलेला, उचललेला. तात्या बराच वेळ चाळत राहिले.

"हे कशासाठी?"

"पळताना घोडा चारही पाय उचलतो, तात्या. एका क्षणाला जमिनीवर काहीच नसतं. तो क्षण कुठला, ते मला बघायचंय."

"मोबाईलवर सावकाश चालवून बघ की."

"बघितलं. सावकाश केलं की तो घोडा राहत नाही. तुकडे होतात. मला पळताना कळायला हवंय."

तात्यांनी वही मिटली. "लोक काय म्हणतील ते म्हणतील," असं ते म्हणाले नाहीत, पण पुढच्या रविवारी बाई पुण्याला निघाल्या तेव्हा "सातची पकड, साडेसातची वाटेत थांबत बसते," एवढं मात्र म्हणाले.

असा जुलै गेला, ऑगस्ट आला. बाई एक रविवार आड पुण्याला जायच्या. 'कॉपर लँटर्न' एकदा जिंकली, तेव्हा आजूबाजूच्या माणसांनी कागद उडवले आणि बाईंनी नुसती वहीत तारीख टाकली. 'ब्लू इंक' सुटायच्या जागेत शिरायलाच तयार होईना, त्याला दोनदा बाद केलं. 'मिस्टर ऑगस्ट' दर वेळी चौथा यायचा. पहिल्या तिघांना बक्षीस आणि टाळ्या. चौथ्याचं नाव निवेदक घाईत घ्यायचा. बाईंना त्याच्यात कमालीचा रस वाटू लागला. जिंकायचं नाही आणि दमायचंही नाही हे त्या घोड्याने कसं जमवलंय, याचा त्या बसमध्ये विचार करत.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी 'सेकंड थॉट' पॅडॉकमध्ये आला आणि बाईंची पेन्सिल थांबली. त्यांनी त्याचा मागचा डावा पाय काढला. चुकला. पुन्हा काढला. चौथ्यांदाही तो पाय उजव्यापेक्षा आखूडच उतरला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हात बरोबर आहे. सईस समोरून जाताना त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मागचा डावा पाय आखूड टाकतोय हा."

सईसाचं पाऊल चुकलं. पस्तिशी-चाळिशीचा, काळासावळा, डोक्याला फेटा नव्हता पण फेटा बांधणाऱ्या माणसाची ताठ मान. त्याने एकदा बाईंकडे पाहिलं आणि तो तसाच पुढे गेला. सईसांनी लोकांशी बोलायचं नसतं. शर्यत झाली. 'सेकंड थॉट' शेवटून दुसरा आला, आणि परतताना तो त्या पायाने लंगडतोय हे सगळ्यांनाच दिसत होतं.

बाई त्या रात्री अनीशकडे जेवल्या नाहीत. आपल्याला दिसलं आणि आपण ते एका सईसाला कुजबुजून सांगितलं, एवढंच. कुणाला तरी हाक मारायला हवी होती. पण कुणाला, आणि ऐकलं कोणी असतं? वह्या भरणाऱ्या म्हातारीचं.

पुढच्या दोन पुस्तकांत 'सेकंड थॉट'चं नाव नव्हतं. सप्टेंबरच्या शेवटी तो सईस दिसला, 'मिस्टर ऑगस्ट'ला घेऊन. पॅडॉकच्या कठड्यापाशी बाईंना पाहून त्याने घोड्याचा वेग किंचित कमी केला.

"त्या दिशी तुमीच बोलला न्हवं?" तो पुढे बघतच म्हणाला आणि निघून गेला.

पूर्ण फेरी होईपर्यंत बाई थांबल्या. तो समोर आल्यावर म्हणाल्या, "हो. कुठाय तो?"

"पायाची नस सुजलीया."

पुन्हा एक फेरी.

"बरा होईल?"

"चालंल. पळायचं न्हाई म्हनं आता."

आणखी एक फेरी. आता जॉकी येऊन उभे राहिले होते.

"मग कुठे नेणार त्याला?"

सईस घोड्याच्या मानेवर हात ठेवून क्षणभर थांबला. "तेच बगतोय," तो म्हणाला. जॉकी चढला, घोडे बाहेर पडले. 'मिस्टर ऑगस्ट' चौथा आला.

ऑक्टोबरच्या अखेरीला पुण्याचा हंगाम संपला. शेवटच्या रविवारी तो सईस दिसलाच नाही. त्याच्या जागी आलेल्या माणसाला बाईंनी विचारलं. "सिद्धू व्हय? गावाकडं गेला. घोडा घेऊन गेला की."

"कुठलं गाव?"

"कवठे महांकाळच्या तिकडं. वाडीचं नाव काय म्हायती न्हाई."

दिवाळीत बाईंनी हे तात्यांना सांगितलं. घोड्याचं पुढे काय झालं ते कळल्याशिवाय हंगाम संपला असं वाटत नाही, असंही म्हणाल्या. वहीत सहा घोड्यांपुढे काही ना काही लिहिलं होतं आणि सातव्यापुढे कोरी ओळ होती.

"माणसाचं नाव सिद्धू, गावाचं नाव ठाऊक नाही," तात्या म्हणाले. "आणि तू जाणार?"

"जाणार."

"सांगलीहून जतची गाडी तुला सापडायची नाही. कुठल्या फलाटाला लागते ते तरी ठाऊक आहे का?" तात्यांनी कागद घेतला. "पाचची सातारा. साताऱ्याहून सांगली, इस्लामपूरला चहा. सांगलीहून जत, ती कवठे महांकाळवरून जाते. मी येतो."

कवठे महांकाळच्या स्टँडवर उतरले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. ऊन कोरडं होतं, वारा मोकळा. पुण्याहून रेसचा घोडा आणलेला सिद्धू कुठे राहतो, असं बाईंनी चहावाल्याला विचारलं, तर त्याने गावाचं नावही विचारलं नाही.

"उंच घोडं ना? ते बगाया लय मान्सं आली हुती पयल्या आठवड्यात. रिक्षावाल्याला सांगा सुलाबाईची वाडी, सोडंल बराबर."

वाडी म्हणजे माळाच्या कडेला पाच-सहा घरं. एका बाजूला पाटाच्या पाण्यावरची द्राक्षबाग, दुसऱ्या बाजूला उघडा माळ आणि त्यावर मेंढरं. सिद्धूच्या घरापुढे पत्र्याची नवी शेड होती. शेडमध्ये 'सेकंड थॉट' उभा होता, पुढ्यातला कडबा उलटसुलट करत, जणू जन्मापासून तो तेच खात आला होता. सिद्धू त्याच्या अंगावरून खरारा फिरवत होता. बाईंना पाहून त्याचा हात थांबला.

"मॅडम," तो म्हणाला. मग खरारा खाली ठेवत, "बसा. आये, मान्सं आल्यात."

ओसरीवर सत्तरी ओलांडलेली एक बाई बसली होती, हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण. ही सुलाबाई, सिद्धूची आई. तिने मान वळवली, पण नजर माणसांवर न येता त्यांच्या बाजूने गेली. दोन्ही डोळ्यांनी तिला आता उजेड-अंधारापलीकडे फारसं दिसत नव्हतं.

"दोगं हायती," ती म्हणाली. "एक बाई, एक पुरुस. पुरुसाच्या डाव्या चपलंचा खिळा निगालाय."

तात्यांनी चप्पल उलटी करून पाहिली. खिळा निघाला होता.

चहा झाला, आणि सिद्धू आपणहून बोलू लागला. "त्या दिशी सकाळीच मला वाटलं हुतं, पाय आखूड पडतोय. मुकादमाला बोललो. तो म्हनला, तुला भास हुतोय, घोडा घेऊन चल. मंग मला बी वाटलं, आपल्यालाच भास हुतोय. आनि तवा तुमी बोलला." त्याने रिकामे कप बाजूला सारले. "वीस वर्सं झाली मला हे काम करताना. त्या दिशी मी पॅडॉकमधनं घोडा माघारी न्यायला पायजे हुता. नोकरी गेली आसती, एवढंच."

"मीही गप्पच बसले," बाई म्हणाल्या.

"तुमी काय करनार."

"तुम्ही तरी काय करणार होता?"

मग सिद्धूने बाकीचं सांगितलं. लंगडा घोडा घोडेस्वारीच्या क्लबाने घेतला नाही. टांग्याच्या शर्यती लावणारा एकजण बघून गेला. तेव्हा सिद्धू थेट मालकाकडे गेला आणि म्हणाला, मला द्या. मालकाने दिला, मात्र कागदावर सही घेतली: वरातीत नाचवायचा नाही, गाडीला जुंपायचा नाही. टेम्पोतून पुण्याहून इथवर सिद्धू त्याच्या शेजारी उभ्याने आला.

"आनि इथं आनल्यावर आयेला म्हनलं, पाय बग. तर ती म्हनली, मला कुटं दिसतंय. चालव त्याला."

"मग?" बाईंनी विचारलं.

सुलाबाई हसली. "आमी तीस वर्सं मेंढरं घिऊन किष्णाकाठाला जायचो, बाई. दिवस उगवायच्या आदी निगायचं. म्होरं घोडं, त्याच्या पाठीवर सगळा संसार, मागं मी. अंधारात दिसनार काय? घोड्याच्या पायाचा आवाज आयकत चालायचं. आवाज बदलला की समजायचं, ओझं सरकलंय न्हाईतर खडा रुतलाय. तवापास्नं कानाला सवय हाय."

"आणि ह्याचा पाय?"

"डावा मागला हळू ठेवायचा. आता बराबर ठेवतोय. पन मनात भ्या हाय त्याच्या. पळत न्हाई."

तात्यांनी विचारलं, "हे भीतीचं कसं कळतं आवाजावरून?"

"मानूस चोरपावलानं चालला तर तुमास्नी कळत न्हाई व्हय?" सुलाबाई म्हणाली.

दिवस कलल्यावर सिद्धूने घोडा माळावर फिरवायला बाहेर काढला. बाई शेजारी चालत होत्या, वही हातात. घोडा इथे पुण्यापेक्षा मोठा वाटत होता. इथे त्याच्या मागे इमारती नव्हत्या, नुसतं आभाळ होतं. मेंढरांना त्याची सवय झाली होती, ती बाजूलाही होत नव्हती. तेवढ्यात मागच्या वाटेने एक मोटारसायकल आली आणि तिच्या फुटक्या सायलेन्सरने बार काढल्यासारखा आवाज केला. घोड्याने मान झटकली. कासरा सिद्धूच्या तळहातातून सुटला, आणि घोडा पळाला.

"धरा," सिद्धू ओरडला, पण धरायला कुणीच नव्हतं. तो मागे धावला, पन्नास पावलांवर थांबला, गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. घोडा माळाच्या टोकाकडे निघाला होता, मोठमोठ्या झेपांनी, शेपूट उभारून. तो पाय आत्ता मोडेल, आत्ता मोडेल, असं बाईंना वाटत होतं. त्यांनी मागे वळून पाहिलं. सुलाबाई ओसरीवरून उतरून अंगणाच्या कडेला आली होती. तिथल्या दगडावर बसून तिने हात वर केला.

"पळू दे," ती म्हणाली. "कुनी आरडू नगा. आयकू द्या."

बाई तिच्याजवळ गेल्या. सुलाबाईने शेजारी पालथं पडलेलं घमेलं पुढे ओढलं आणि त्यावर बोटांनी ठोका धरला. दूरच्या टापांशी तो ठोका जुळत होता.

"ह्ये मागले दोन," ती पुटपुटली. "ह्ये म्होरले दोन. आनि मग काय न्हाई. पुन्यांदा मागले दोन, म्होरले दोन, आनि काय न्हाई."

"काय नाही म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"म्हंजी आवाजच न्हाई. घोडं वाऱ्यात हाय तवा. म्होरला शेवटचा पाय उचलला की भुईवर कायबी न्हाई ऱ्हात. तुमी शिकल्याल्या, तुमास्नी म्हायती न्हाई?"

बाई घोड्याकडे बघत होत्या. कानात घमेल्याचा ठोका होता: दोन, दोन, आणि रिकामी जागा. त्या रिकाम्या जागेत त्यांनी डोळे नेऊन ठेवले. आणि दिसलं. पुढचा शेवटचा पाय जमिनीवरून सुटला, चारही पाय पोटाखाली एकत्र आले, जणू घोड्याने स्वतःलाच मिठीत घेतलं, आणि तेवढ्यात मागचे पाय पुन्हा जमिनीला लागले. पुढच्या झेपेला पुन्हा तेच. आता तो क्षण हुकत नव्हता. त्यांनी पाच झेपा पाहिल्या, सात पाहिल्या, आणि अचानक हसू आलं.

"काय झालं, प्रमू?" तात्या म्हणाले.

"एकतीस वर्षं चुकीचा घोडा शिकवला मी."

"कुणाला समजलं असेल?"

"कुणालाच नाही. तेच तर."

घोडा माळाच्या टोकाला जाऊन वळला, थोडा वेळ उभा राहिला आणि मग स्वतःच चालत परत आला. अंगावर घामाची ओली झाक होती. सिद्धू त्याच्या मागच्या पायाशी बसला, दोन्ही हातांनी नस चाचपली, पुन्हा चाचपली. वर पाहताना त्याचे डोळे भरले होते.

"गरम न्हाई," तो म्हणाला. "सूज न्हाई."

"सांगितलं न्हवं," सुलाबाई म्हणाली. "दुकत असतं तर पयला ठोका हलका पडला असता. भ्या गेलं त्याचं आज. शेकंडला पानी पाज. लगीच न्हाई, जरा येळानं."

'सेकंड थॉट'चं तिने 'शेकंड' केलं होतं, आणि घोडा त्या नावाला कान वळवत होता.

त्या रात्री ते वाडीवरच राहिले. तात्यांच्या म्हणण्याप्रमाणे सांगलीला जाणारी शेवटची गाडी कधीच निघून गेली होती. निघताना सकाळी बाईंनी सिद्धूला वहीतलं एक पान फाडून दिलं, माळावर पळणारा पुरा घोडा, चारही पाय पोटाखाली घेतलेला. सिद्धूने ते बघून आईला समजावून सांगितलं. सुलाबाईने कागदावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, कागुद गुळगुळीत हाय, मला काय कळनार, पन ठीव.

घोडा पूर्ण बरा झाला असं नाही. तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरने डिसेंबरात तपासून सांगितलं की खडकाळ वाटेवर तो कायम जपून चालेल, मऊ जमिनीवर कळणारही नाही. त्याला नेमकं करायचं काय, हा प्रश्न वाडीला काही दिवस पडला होता. मग सिद्धूचा धाकटा भाऊ अर्जुना त्याला रोज सकाळी मेंढरांबरोबर माळावर नेऊ लागला, आणि प्रश्न आपोआप मागे पडला. सिद्धूला मात्र कामावर परत जावंच लागलं. थंडीचा हंगाम मुंबईला असतो; तो तिकडे गेला, आणि मिस्टर ऑगस्ट त्याच्याकडेच आला. आता सिद्धू दर आठवड्याला बाईंना फोन करून आतली खबर देई. कोण जेवत नाही, कोण नव्या जागेला बिचकतंय, कोणाचा नाल बदलला. बाईंच्या सातांपैकी तीन मुंबईला पळत होते. 'ब्लू इंक' अजूनही सुटायच्या जागेत शिरत नव्हता.

आणि शनिवारी संध्याकाळी अर्जुना आईला फोन लावून द्यायचा.

"तुमचा म्हातारा काय म्हनतोय, बाई?" सुलाबाई विचारायची.

"आज पळाला. चौथा."

"चौथा. म्हंजी खाल्लं असंल त्यानं बराबर. आनि ती बारक्या मानंची?"

बाई सांगत. तात्या शेजारी बसून ऐकत आणि मधूनच, "तिला 'कॉपर लँटर्न'चं सांग, तिसरी आली ते," असं सुचवत. त्यांनीही एप्रिलपर्यंत मुंबईच्या शर्यतींचं वेळापत्रक पाठ करून टाकलं होतं.

एप्रिलमधल्या शेवटच्या शर्यतीच्या दिवशी सुलाबाईने हट्ट धरला की या वेळी घोडा ती निवडणार. सिद्धूने सकाळी तबेल्यातून फरशीवर चालणाऱ्या सहा घोड्यांचा आवाज फोनवर ऐकवला. सुलाबाई दोनदा ऐकून म्हणाली, चार नंबरचं. मन लावून चालतंय.

संध्याकाळी वाईला बाई आणि तात्या मोबाईलसमोर बसले, तिकडे वाडीवर अर्जुनाने फोन आईच्या कानाला लावला. शर्यत मिनिटभरात संपली. चार नंबरचा घोडा पाचवा आला.

"पाचवा, सुलाबाई," बाई म्हणाल्या.

"असू दे," ती म्हणाली. "पाय तर चांगलं हायती न्हवं?"

"पाय चांगले आहेत."

"मंग जुलैला त्याला आपल्या सातात घ्या," सुलाबाई म्हणाली, आणि मेंढरं आत घ्यायची वेळ झाली म्हणून तिने फोन अर्जुनाच्या हातात दिला.